वाचताना चुकलं तर टोकायचं नाही?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अंकलिपी घेणाऱ्या आईबाबांना हमखास मिळणारा सल्ला: 'मूल वाचताना चुकलं तरी टोकू नका, आत्मविश्वास जातो. चित्र बघून अंदाज करू दे, आपोआप येईल.' यात निम्मंच खरं आहे. खेकसलं तर मूल पुस्तकच मिटतं. पण खेकसणं वेगळं, दुरुस्ती वेगळी.

अंदाजाची कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी वाचन हा अंदाजांचा खेळ असल्याची मांडणी केली. पुढे डोळ्यांच्या हालचालींवरच्या संशोधनातून उलटंच दिसलं: सराईत वाचक बहुतेक शब्दांवर नजर टाकतो, अक्षरं बघतो, अंदाजावर भिस्त असते ती कच्च्या वाचकाची. कमळाचं चित्र बघून 'फूल' म्हणणारं मूल हुशार असेल, पण त्यानं वाचलेलं काहीच नाही.

मग करायचं काय? समजा, 'दोरी धर' हे त्यानं 'दोरी घर' वाचलं. लगेच तोंड उघडू नका, दोन-तीन सेकंद थांबा. अर्थ खटकून पुष्कळदा मूल स्वतःच मागे येतं. नाही आलं, तर 'चूक!' न म्हणता ध वर बोट ठेवा. 'याच्या डोक्याला गाठ आहे बघ, वरची रेघही अर्धीच. कुठलं अक्षर?' तरीही अडलं तर सरळ सांगून टाका, कोडी घालत बसू नका. मग शब्द त्याच्याकडून वाचून घ्या आणि वाक्य पहिल्यापासून. ही शेवटची पायरीच घाईत गळते.

झोपताना गोष्ट ऐकत मधेच मूल एखादा शब्द वाचू लागलं आणि चुकलं, तर मात्र खुशाल सोडून द्या.