पाठीचा बाक अन् व्यायाम: हे आलं कुठून?

आमच्या पुतणीच्या युनिफॉर्मचं माप घेताना शहापूरचा टेलर म्हणाला, काकी, पोरीचा उजवा खांदा वर आहे बघा की. घरी तिला पुढं वाकवलं तर पाठीची उजवी बाजू फुगलेली दिसली, आणि ही वाकवून बघायची टेस्ट विल्यम अ‍ॅडम्स या इंग्लिश सर्जनची, १८६५ची आहे हे मला नंतर कळलं. एक्स-रेत बाक १६ डिग्री निघाला. १० पासून पुढं स्कोलिऑसिस, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक, म्हणतात, २०-२५ पर्यंत सौम्य. घरात सगळे दप्तरावर घसरले, पण दप्तरानं हा बाक येत नाही, बहुतेक पोरांत कारणच सापडत नाही, त्यामुळं पोरीला उगाच बोलू नका.

पूर्वी हिप्पोक्रेटसच्या काळात ताणून, नंतर लोखंडी पट्टे घालून पाठ सरळ करायचे. व्यायामाची खरी गोष्ट कॅथरीना श्रोट यांची. जन्म १८९४, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या, स्वतःच्याच पाठीला बाक, सोळाव्या वर्षी स्टीलचा ब्रेस, म्हणजे पाठ धरून ठेवणारा कडक सापळा. पोचा आलेला रबरी बॉल हवा भरली की गोल होतो, मग माझ्या दबलेल्या बाजूत श्वास का भरू नये, असा त्यांनी विचार केला आणि आरशासमोर उभं राहून स्वतःवरच करून बघितलं. १९२१ मध्ये माइसेनला छोटी क्लिनिक काढली, पुढं मुलगी क्रिस्टानं काम वाढवलं. डॉक्टर नसलेल्या एका पेशंट बाईनं हे उभं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण १९४१च्या अमेरिकेतल्या पाहणीत नुसत्या व्यायामावर ठेवलेल्या बऱ्याच पोरांचा बाक वाढलेलाच दिसला. मग मिलवॉकी नावाचा ब्रेस, १९६२ला ऑपरेशन करून कण्याला बसवायचा हॅरिंग्टनचा धातूचा रॉड, आणि व्यायाम मागं पडला. २००४ला ऑपरेशनशिवायच्या उपचारांसाठी सोसॉर्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, इटली-कॅनडात चाचण्या झाल्या, तेव्हा व्यायाम परत आला. तरी पुरावा अजून ब्रेसइतका पक्का नाही, आणि बाक वाढला तर ब्रेस लागतोच.

आमच्या बेळगाव-खानापूरकडं कुणीही सांगतं, तालमीत घाला, सूर्यनमस्कार घाला. अंगाला चांगलंच ते, पण त्यात दोन्ही बाजू सारख्या चालतात, आणि श्रोटबाईंच्या व्यायामात ज्याच्या त्याच्या बाकाप्रमाणं एकेक बाजू वेगळी, म्हणून शिकलेला फिजिओच लागतो. वाढ थांबेपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी तपासणी.

सध्या रोज संध्याकाळी ती कपाटाच्या आरशासमोर बसते, आजी डाव्या बरगडीवर हात ठेवून म्हणते, हितं भर गं श्वास, हितं, माझा हात उचलला पाहिजे.