मातीबांध, खाजगी (पुणे जिल्हा)

शेतकऱ्याने वा भाऊबंदांनी मिळून आपल्या हद्दीतील ओढ्यावर, ओघळीवर स्वखर्चाने घातलेला माती-मुरमाचा लहान बांध. शासकीय माती नालाबांध व पाझर तलाव यांची घडण बरीचशी अशीच. वेगळी असते ती मालकी आणि डागडुजीची जबाबदारी. पुरंदर, बारामती, दौंड, शिरूर, इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत याची गरज अधिक.

प्राचीनता : प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नवे तळे वा सेतू (म्हणजे बांध) बांधणाऱ्यास पाच वर्षे व मोडके दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे करमाफी सांगितली आहे. आपत्काल वगळता पाच वर्षे वापर नसलेल्या सेतूवरील हक्क जातो, असेही म्हटले आहे. त्यावरून खाजगी मालकी मौर्यकाळापर्यंत मागे नेली जाते. तथापि ग्रंथाचे उपलब्ध रूप इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय हा दाखला खास दख्खनचा नव्हे. मराठा दप्तरांतील ‘पाटस्थळ’ (पाटाच्या पाण्याने भिजणाऱ्या) जमिनीच्या नोंदी काही अभ्यासक पुरावा म्हणून देतात, पण पाट वाहत्या पाण्यावरूनही काढता येतो. साठवणीच्या बांधाचा तो पुरावा म्हणता येणार नाही. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लष्कर व पोलीस शिपायांकडून ‘तालीवजा बंधारे’ घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे असे सुचविले. ताल (शेतातला पाणी अडविणारा बांध) हा प्रकार तेव्हा वाचकांच्या परिचयाचा होता, एवढे त्यावरून नक्की.

रचना : पात्रातील गाळ काढून घट्ट थरापर्यंत खंदक खणतात व तो चिकणमातीने भरतात. खाली भेगाळ कातळ किंवा मांजऱ्या (ठिसूळ, सच्छिद्र खडक) लागल्यास पाणी तळातून निसटते. विहिरींसाठी ते चालते, साठ्यासाठी नाही. गाभ्यात काळी माती, दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात तडकतो आणि पहिल्या मोठ्या पावसात तडांतून पाझरू लागतो. भराव पातळ थरांत, पाणी मारून दाबावा लागतो. ट्रॅक्टर फिरवून भागविलेले काम पुढे खचते. पाण्याकडील उतारावर दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करतात. खेकडे, घुशी व बांधावर वाढू दिलेल्या झाडांची मुळे यांनी पाण्याला वाट होते.

सांडवा (जादा पाणी वाहून जाण्याची वाट) भरावाबाहेर, पक्क्या जमिनीत काढावा. खर्च वाचविण्यासाठी तो अरुंद ठेवला जातो आणि बांध फुटतो तो बहुधा त्यामुळेच. 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेत धरणही मातीचेच होते, परंतु त्याची कारणे निराळी असल्याने येथे तो दाखला लावू नये.

उपयोग : जनावरांचे पाणी, धुणे, पोळ्याला बैल धुणे, थोडी मासळी, पाणी ओसरल्यावर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी). एक हेक्टर पसरलेले सरासरी एक मीटर खोल पाणी म्हणजे 10 टीसीएम (हजार घनमीटर), अर्थात एक कोटी लिटर. त्यातले पुष्कळसे मुरून खालच्या विहिरींना जाते आणि त्या विहिरी दुसऱ्यांच्या असतात. मालकीचा खरा पेच इथे आहे. पुरंदरमधील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर देवस्थानची उतारावरील जमीन कराराने घेऊन बांधबंदिस्ती व पाझर तलावाचे काम केले. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता कुटुंबातील माणसांवर ठरविला, भूमिहीनांनाही दिला आणि ऊस वर्ज्य केला.