हौदापासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत

समाजकार्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेला माणूस निवडणुकीला उभा राहिला, की त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाते आणि हितचिंतकही ‘त्या चिखलात कशाला उतरलात’ असे विचारतात. या विचारण्यामागे समाजकार्य आणि राजकारण ही मुळातच वेगळी क्षेत्रे आहेत, असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. येथील अनेक कार्यकर्ते सभागृहाच्या दाराशी पोहोचले ते हाती घेतलेल्या कामाच्याच रेट्याने, आणि केवळ पाण्याचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवला तरी ही वाट स्पष्ट दिसते.

जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. घरच्या हौदाचा निर्णय घरच्या माणसाला घेता येतो. गावच्या पाणवठ्याचा आणि शहराच्या तिजोरीचा निर्णय मात्र इतर कोठेतरी होत असतो. १८७६ पासून काही वर्षे फुले पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. खर्च मंजूर झालाच. पण शाळा काढणारा माणूस सभागृहात का हवा, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

पुढच्या पिढीत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवता चालवता ते कामगार संघटनेकडे वळले, १९२० मध्ये आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत सहभागी झाले आणि त्यानंतर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय विधिमंडळात नियुक्त झाले. कामगाराला अक्षरओळख देता येते, पण त्याच्या कामाचे तास कायद्यानेच कमी होतात, हा अनुभव त्यांच्या वाटचालीच्या मुळाशी होता.

पाण्याच्या संदर्भात निर्णायक टप्पा महाडचा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते बहिष्कृत हितकारिणी सभेचे संस्थापक होते आणि त्याच सुमारास मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्यही झाले होते. सभागृहातील ठराव लोकांच्या कृतीशिवाय कागदावर राहतो आणि लोकांच्या कृतीला कायद्याचा आधार लागतो, हे महाडने एकाच वेळी दाखवून दिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्याच वर्षी मुंबईत समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी टाटा यांची संस्था सुरू झाली आणि समाजकार्य हा एक स्वतंत्र पेशाही ठरू लागला.

स्वातंत्र्यानंतर ही वाट सर्वांत ठळकपणे चालून दाखवली ती मृणाल गोरे यांनी. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात आल्या, आणि पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्यासह गोरेगावात राहू लागल्या. तेव्हा गोरेगाव हे मुंबईबाहेरचे गाव होते आणि त्याला स्वतःची ग्रामपंचायत होती. तेथे त्यांनी स्त्रियांमध्ये कुटुंबनियोजनाचे काम उभे केले. घराघरांत जाणाऱ्या कार्यकर्तीला आरोग्याच्या गोष्टीबरोबर रिकामे हंडेही दिसणारच. १९५४ च्या सुमारास त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या, १९५८ मध्ये पतीच्या निधनानंतरही काम थांबले नाही, आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या. नळाला पाणी का येत नाही, जलवाहिनी कोणत्या वस्तीपाशी येऊन थांबते, हे प्रश्न त्यांनी इतक्या चिकाटीने लावून धरले की ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच त्यांना दिले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच काळात अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि तारा रेड्डी यांच्यासह महागाई प्रतिकार महिला समितीतून हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट बाया तेलाच्या व रॉकेलच्या प्रश्नावर एकत्र आल्या. आणीबाणीत भूमिगत राहून काम करताना मृणालताईंना अटक झाली आणि १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची; त्यातली दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी.

ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रत्येक पायरीवर काम तेच होते, फक्त त्याचा निर्णय करणारे सभागृह बदलत गेले. १९८५ नंतर पुन्हा विधानसभेत असताना गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी जो आवाज उठवला, त्यामागे स्त्री-संघटनांचे रस्त्यावरचे काम होते, आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम त्यासंबंधी कायदा केला.

१९७७ मध्ये केंद्रात सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या प्रयोगाचा विचका झाल्यानंतर मात्र चित्र बदलले. अनेक तरुण कार्यकर्त्यांनी पक्षांपासून दूर राहून संघर्ष करण्याचा मार्ग स्वीकारला. दुसरीकडे, स्वयंसेवी संस्थांचा पसारा वाढत असताना १९७६ च्या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याने उमेदवार, लोकप्रतिनिधी आणि राजकीय पक्ष यांना परदेशी पैसा घेण्यास मनाई केलेली होती. संस्था चालवणाऱ्याने राजकारणापासून अंतर राखणे त्यामुळे व्यवहाराचा भाग बनले, आणि हळूहळू तेच अंतर नैतिक मोठेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. याला अपवादही होते. नोव्हेंबर १९८६ मधील चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या शेतकरी महिला आघाडीने स्थानिक निवडणुकांत उतरण्याचे ठरवले, आणि १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण ग्रामपंचायत स्त्रियांच्या हाती आली.

२०११ च्या लोकपाल आंदोलनात हाच वाद राष्ट्रीय पातळीवर पोहोचला. अण्णा हजारे पक्ष काढण्याच्या विरोधात राहिले, तर माहिती अधिकाराच्या कामातून पुढे आलेले अरविंद केजरीवाल यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष स्थापन केला. त्याच पक्षाकडून मेधा पाटकर २०१४ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेसाठी उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. मानखुर्दच्या झोपडपट्ट्यांत त्यांचे काम होते, पण ग्रामपंचायत, महापालिका अशा स्थानिक सभागृहांच्या पायऱ्या त्यांच्या मागे नव्हत्या.

त्या पायऱ्या कागदोपत्री आज पूर्वीपेक्षा रुंद आहेत. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण वाढवून पन्नास टक्के केले, त्यामुळे बचत गटाचा हिशेब ठेवणारी बाई आज सरपंच होऊ शकते. परंतु आरक्षण फिरते असल्याने पुढच्या खेपेस तिची जागा तिच्यासाठी राहीलच असे नाही, आणि एकाच वस्तीचा एकच प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरण्याची संधी तिच्या हातून सहज निसटते. शहरात तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होता. मृणालताईंनी जेथे पाण्याचा जाब विचारला, त्या सभागृहात या काळात एकही लोकनियुक्त नगरसेविका नव्हती.