अमेरिकेच्या घटनेत 'गुलाम' हा शब्दच का नव्हता

अमेरिकेची मूळ राज्यघटना उघडून 'गुलाम' किंवा 'गुलामगिरी' शोधायला गेलात तर शब्द सापडणारच नाही, आणि हे काही चुकून राहिलेलं नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात ही घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींपैकी २५ च्या आसपास लोक स्वतःच गुलाम बाळगून होते.

खरं भांडण पेटलं डोकी मोजण्यावरून. संसदेच्या खालच्या सभागृहात जागा लोकसंख्येप्रमाणे मिळणार म्हटल्यावर साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया या दक्षिणेतल्या राज्यांचे लोक म्हणायला लागले आमचे गुलामही मोजा. म्हणजे गुलामाला मत नाही, हक्क नाही, पण मालकाच्या राज्याच्या जागा वाढवायच्या तेव्हा मात्र तो माणूस! पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नावच, पद नाही) थेट विचारलं की ही माणसं असतील तर नागरिक करा आणि मत द्या, मालमत्ता असेल तर मग बाकीची मालमत्ता का नाही मोजत? पण त्याचं काही चाललं नाही, ठरलेली तडजोडच कायम राहिली, ५ गुलाम म्हणजे ३ माणसं. गंमत म्हणजे हे गणित १७८३ सालचं, तेव्हा विषय राज्यांवर लोकसंख्येप्रमाणे बसणाऱ्या कराचा होता म्हणून याच दक्षिणेला गुलाम कमी मोजून हवे होते.

पण घटनेत लिहिलं काय, तर 'इतर व्यक्ती'. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायच्या कलमात 'सेवा किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती'. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, हे कलम त्याआधी दुरुस्तही करता येणार नाही, तिथेही 'अशा व्यक्ती'. माणसावर मालकी असू शकते ही कल्पना घटनेत येणं चूक आहे असं घटनेचा मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन बैठकीत म्हणाला, आणि हा गृहस्थ स्वतः गुलामांचा मालक.

पुढची ७० वर्षं वाद याच्यावरच. गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसनच्या मते घटना म्हणजे गुलाममालकांशी केलेला करार, १८५४ च्या ४ जुलैला त्याने तिची प्रत जाहीरपणे जाळली. त्याचाच जुना साथी फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळून आलेला, १८५१ पासून उलट सांगायला लागला की शब्दच नाही तर हीच घटना गुलामगिरीविरुद्ध वापरा. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनीने निकाल दिला की काळा माणूस या घटनेप्रमाणे नागरिक होऊच शकत नाही, आणि तोही घटनाकारांच्या हेतूचाच हवाला देऊन. मला विचाराल तर ५५ जणांचा मिळून एक हेतू शोधणंच फोल आहे, कोणाला लाज वाटत होती, कोणाला धंदा सांभाळायचा होता आणि बहुतेकांना राज्यं फुटू द्यायची नव्हती.

घटनेत 'गुलामगिरी' हा शब्द पहिल्यांदा आला तो १८६५ च्या १३ व्या दुरुस्तीत, गुलामगिरी रद्द करताना, आणि तिथेही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल अशी फट ठेवलीच. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते याच लढ्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना.