झेड ६ टू की झेड ६ थ्री? मेगापिक्सेल तेच, मग पैसे कशाचे?

निकॉनच्या झेड ६ टू आणि झेड ६ थ्री या दोन फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेरा बॉडी शेजारी शेजारी ठेवल्या तर पटकन ओळखू येत नाहीत. माउंट तोच, बॅटरी तीच, कार्डंही तीच. दोन्हींचा सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा. पहिली आली ऑक्टोबर २०२० मध्ये, दुसरी जून २०२४ मध्ये. अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा किमती सुमारे २,००० आणि २,५०० डॉलर होत्या. टू वापरणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरांना दर सीझनआधी वाटतं, आता थ्री घ्यावी. माझं मत आधीच सांगून टाकतो: फोटोचा दर्जा वाढेल या आशेने घेणार असाल तर घेऊ नका. चांगले क्षण निसटतायत म्हणून घेत असाल तर जरूर घ्या.

मेगापिक्सेल सारखे असले तरी सेन्सर वेगळा आहे. टूच्या सेन्सरवरचं चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीओळीने वाचायला सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. थ्री हेच काम जवळजवळ साडेतीन पट वेगाने करते, कारण चित्र टिपणाऱ्या भागाच्या वर आणि खाली वेगवान सर्किटं बसवली आहेत. याला पार्शियली स्टॅक्ड सेन्सर म्हणतात आणि फुल फ्रेममध्ये तो पहिल्यांदा थ्रीमध्येच आला. निकॉनच्याच वरच्या झेड ८ आणि झेड ९ मधला पूर्ण स्टॅक्ड सेन्सर याहून वेगवान आहे, इतका की त्यांना मेकॅनिकल शटर (सेन्सरसमोरचा हलता पडदा) लागतच नाही. थ्रीमध्ये ते अजून ठेवलेलं आहे.

हा वेग कुठे उपयोगी पडतो? नाटकाचे फोटो काढणाऱ्यांना लगेच कळेल. प्रयोग चालू असताना शटरचा खटका तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो, म्हणून सायलेंट मोड लावायचा, म्हणजे पडदा न हलवता नुसता सेन्सर वाचून (इलेक्ट्रॉनिक शटरने) फोटो काढायचा. टूवर तो लावला की झपकन फिरणारा हात वाकडा येतो आणि एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. थ्रीवर वाकडेपणा बराच कमी होतो. पट्टे तिथेही येऊ शकतात, पण शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी पुढेमागे करून ते घालवता येतात. हॉलमध्ये नवरानवरीच्या मागे एलईडी वॉल असते तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

आता अंतरपाटाचा क्षण घ्या. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि त्याच सेकंदाला चारी बाजूंनी अक्षता पडतात. चेहरा आणि लेन्स यांच्यामध्ये तांदळाचे दाणे, करवलीचा हात, कुणाचा तरी मोबाइल. टू माणसाचा डोळा ओळखते, पण मध्ये काही आलं की फोकस तिकडे उडी मारतो आणि परत यायला वेळ घेतो. थ्रीमध्ये झेड ९ कडून आलेलं थ्रीडी ट्रॅकिंग आहे, ते चेहरा सहजासहजी सोडत नाही. शिवाय बटण पूर्ण दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेमही ती जपून ठेवू शकते. मात्र ही सोय फक्त जेपेगमध्ये आहे. रॉवर, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर, काम करणाऱ्यांनी याच एका गोष्टीसाठी पैसे मोजू नयेत. रॉमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला २० फ्रेम मिळतात, त्या लग्नाला पुरून उरतात.

मे महिन्याच्या उन्हात लॉनवर काम करणाऱ्यांना व्ह्यूफाइंडरचा फरकही जाणवेल. ३६.९ लाख डॉटवरून तो ५७.६ लाखांवर गेलाय आणि कितीतरी जास्त उजळ आहे.

थ्रीची उणी बाजू फारसं कुणी ठळकपणे सांगत नाही. बेस आयएसओवर, म्हणजे १०० वर, थ्रीची डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत उजेड आणि काळोख दोन्हींतला तपशील धरण्याची क्षमता) टूपेक्षा साधारण एक स्टॉप कमी आहे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. वेगवान वाचनाची ही किंमत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्त टिपताना आकाश जपून एक्स्पोजर दिलं आणि घरी येऊन दरीतला काळोख चार स्टॉप उचलला, तर थ्रीच्या फाइलमध्ये खरखरीत दाणे (नॉइज) आधी दिसू लागतात. आयएसओ ८०० च्या पुढे हा फरक जवळपास मिटतो, त्यामुळे हॉलमधल्या कामाला काही धक्का नाही. पण ट्रायपॉड लावून निसर्ग टिपणाऱ्याने थ्री घेणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं. हे मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं, कारण सह्याद्रीत फिरणारी बरीच मंडळी केवळ ‘नवीन ते चांगलं’ म्हणून खिशाला कात्री लावून घेतात.

व्हिडिओला मात्र तुलनाच नाही. टूमध्ये फोरके सेकंदाला ६० फ्रेमने घेतलं तर दीडपट क्रॉप होतो, म्हणजे चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि टेन बिट (रंगांच्या जास्त छटा) हवं तर बाहेरचा रेकॉर्डर जोडावा लागतो. थ्री पूर्ण रुंदीने फोरके ६० देते, टेन बिट कार्डवरच, आणि सिक्सके रॉसुद्धा. फोटोबरोबर सिनेमॅटिकचं पॅकेज विकत असाल तर विचार करण्यासारखं फार उरत नाही.

आणखी एक वाट आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोकसची हुशारी येते प्रोसेसरमधून आणि वाचनाचा वेग सेन्सरमधून. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या झेड ५ टूमध्ये थ्रीचाच एक्स्पीड ७ प्रोसेसर आहे, पण सेन्सर जुन्या धाटणीचा. म्हणजे थ्रीडी ट्रॅकिंग मिळतं, अंधारात फोकस मिळतो, शॅडोही (काळोखे भागही) टूसारख्याच उचलता येतात, आणि किंमत थ्रीपेक्षा बरीच कमी. दोन्ही स्लॉट एसडीचे आहेत आणि फोरके ६० ला क्रॉप आहे, एवढं चालत असेल तर मी आधी ती हातात घेऊन बघायला सांगेन.

ठरवण्यासाठी मागच्या दोन-चार कामांतले बाद केलेले फोटो उघडा. फोकस चुकला, क्षण हुकला, पट्टे आले, असं वारंवार दिसत असेल तर बॉडी कमी पडतेय. प्रकाश सपाट, मागची गर्दी नकोशी, चेहऱ्यावर ट्यूबलाइटचा हिरवट रंग, असं दिसत असेल तर तेच पैसे ८५ एमएमच्या चांगल्या लेन्सवर आणि दोन फ्लॅशवर घाला. त्या वस्तू पुढच्या बॉडीलाही चालतील.

आणि थ्री घेतलीच, तर टू विकायची घाई नको. बॅटऱ्या आणि कार्डं दोन्हींत चालतात, त्यामुळे ती दुसरी बॉडी म्हणून वाइड लेन्स लावून गळ्यात राहू द्या. मांडवाच्या वाइड शॉटसाठी आणि ग्रुप फोटोंसाठी तिची फाइल आजही उत्तम आहे.