तास आधी, जोखीम मागून

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका सीएच्या ऑफिसात मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी केली. तिथे ऑडिटचं नियोजन म्हणजे कुठल्या कामाला किती तास हे लिहिलेली मागच्या वर्षीची एक्सेल फाइल उघडायची आणि वरचं साल बदलायचं. एका वर्षी भोसरीच्या एका कारखान्यातला जुना स्टोअरकीपर सोडून गेला, बँकेचं कर्जही वाढलं. मी विचारलं, "सर, स्टॉकला तास वाढवायचे ना?" सर म्हणाले, "फी तेवढीच आहे रे. बसव त्यातच."

पुस्तकातला क्रम वेगळा आहे. धंद्यात मुळातच असलेली जोखीम किती, कंपनीची स्वतःची नियंत्रणं फसण्याची जोखीम किती, हे आधी जोखायचं. त्यावरून चूक आपल्या तपासणीतून निसटली तरी चालेल अशी मुभा काढायची. मोठी चूक शेवटपर्यंत न सापडण्याची एकूण जोखीम 5 टक्क्यांवर ठेवायची आहे आणि वरच्या दोन्ही प्रत्येकी 50 टक्के आहेत, तर मुभा 20 टक्के मिळते. दोन्ही 100 टक्के धराव्या लागल्या, तर फक्त 5. म्हणजे पूर्वी 80 बिलं तपासून भागत असेल, तर आता जवळपास 150 लागतात.

पण वेळ 80 बिलांचाच असतो. मग गणित उलटं सुटतं आणि जोखमीच्या रकान्यात 'मध्यम' असं लिहिलं जातं.

हे लिहिणारा लबाड असतो असं मला वाटत नाही. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला होता. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र 10 वर थांबलं त्यांचा अंदाज 25च्या आसपास, 65 वर थांबलं त्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. मागच्या वर्षीच्या तासांचा तर कामाशी थेट संबंध असतो, त्यामुळे मन त्यांना आणखीच घट्ट चिकटतं.

फी वाढवून मागावी किंवा क्लायंट सोडावा, हे उपाय आहेतच. पण सोडलेला क्लायंट पुढच्या गल्लीत लगेच खपतो, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक.

त्या वर्षी स्टॉकच्या कामाला मला 12 तास लागले. तक्त्यात 8 होते, म्हणून टाइमशीटवर मी 8 लिहिले. पुढच्या वर्षी नव्या आर्टिकलनं फाइल उघडून साल बदललं, तेव्हा स्टॉकपुढे 8च होते.