शब्द अडला की वळसा घ्यावा

शेगडीवरचं पातेलं उतू चाललंय, हात पुढे केलाय आणि तोंडून येतं, "अगं, ती दे ना, ती... पातेलं धरायची!" सांडशी हा शब्द त्या क्षणी काही केल्या आठवत नाही. तरी समोरची बाई सांडशीच हातात देते. याला आपण विसराळूपणा म्हणतो. भाषेच्या अभ्यासकांना मात्र यात एक कौशल्य दिसतं, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं.

बोलताना आपण सेकंदाला साधारण दोन-तीन शब्द उच्चारतो. तेवढ्या अवधीत मेंदूला हजारो शब्दांतून नेमका हवा तो काढावा लागतो. विलेम लेव्हेल्ट या डच मानसभाषाशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार हे काम टप्प्याटप्प्याने होतं. आधी अर्थाला जुळणारा शब्द निवडला जातो आणि तो नाम की क्रियापद, त्याचं लिंग कोणतं, ही व्याकरणाची माहिती हाती येते. त्याचा उच्चार त्यानंतर जुळतो. शब्द ओठांवर येऊन अडतो तेव्हा अर्थ शाबूत असतो, अडतो तो उच्चार.

हार्वर्ड विद्यापीठात रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्ये विद्यार्थ्यांना फारशा न वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितलं. जे अडले, त्यांतल्या अनेकांना शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यात किती अवयव (एका दमात उच्चारले जाणारे तुकडे) आहेत हे बऱ्यापैकी बरोबर सांगता आलं. पुढे 1997 मध्ये इटालियन भाषकांवर झालेला अभ्यास तर आपल्याला फार जवळचा वाटावा असा आहे. शब्द आठवत नसतानाही त्याचं लिंग लोक निव्वळ अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त वेळा बरोबर सांगत होते. सांडशी मागणाऱ्या बाईच्या तोंडी 'तो' किंवा 'ते' न येता 'ती' आलं होतं. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण घरातली बोलणी या कानाने ऐकून पाहावीत.

अशा वेळी बरेचजण हट्टाने तोच शब्द आठवत बसतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी 2008 मध्ये दाखवलं, की अडलेल्या अवस्थेत माणूस जास्त वेळ राहिला तर दोन दिवसांनी त्याच शब्दापाशी पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. मेंदू जणू अडण्याचाच सराव करतो. म्हणून थांबून झगडण्यापेक्षा वळसा घालून पुढे जावं.

पण वळसा घालण्यातही फरक असतो. "ते हे गं, ते आपलं, अमकं" याने ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. आधी वस्तू कुठल्या जातीची ते सांगावं, मग तिचा उपयोग, मग तिला शेजारच्या वस्तूंपासून वेगळं करणारी खूण. "स्वयंपाकघरातलं हत्यार, ताक घुसळायचं, लाकडाचं" एवढ्यावर रवी हातात येते.

हेच तत्त्व वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा वापरणं अवघड होण्याच्या आजाराच्या, उपचारांत वापरलं जातं. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो, आणि नेमका शब्द न सापडणं हे त्याचं जवळजवळ प्रत्येकात दिसणारं लक्षण. एका प्रचलित उपचारपद्धतीत चित्र समोर ठेवून ही वस्तू कुठल्या प्रकारची, ती काय करते, कशासाठी वापरतात, दिसते कशी, कुठे सापडते, तिच्यावरून काय आठवतं, हे रुग्णाकडून एकेक करून काढून घेतात. अर्थाशी जोडलेल्या या धाग्यांना चालना मिळाली की कित्येकदा शब्द स्वतःच बाहेर येतो. नाही आला, तरी ऐकणाऱ्याला काय हवंय ते कळलेलं असतं. मला हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्याला पाणी मागता येत नाही, त्याला 'तहान' म्हणता आलं तर त्याचा दिवस बदलतो.

असा वळसा घालणं शिकवता येतं का? भाषाशिक्षणाचे अभ्यासक झोल्तान डॉर्न्येई यांनी हंगेरीत इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांना सहा आठवडे असं प्रशिक्षण दिलं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मुलांनी केलेली वर्णनं सुधारली. आपल्याकडे मात्र इंग्रजीच्या तासाला शब्दार्थांच्या याद्या पाठ करून घेतात आणि शब्द विसरलेलं मूल गप्प उभं राहतं. त्याला "दुसऱ्या शब्दांत सांग" असं म्हणून वाट पाहणारे शिक्षक हवेत.

वाट पाहणं घरातही हवं. वाचाघात झालेल्या आजोबांनी बोलायला सुरुवात करताच चारजण चार शब्द पुढे करतात आणि त्यांची वाट तिथेच मोडते. त्यांना वेळ द्यावा. मदत करायचीच तर "खायची वस्तू का?" असा होय-नाहीचा प्रश्न विचारावा आणि कळलेलं त्यांच्याकडून पक्कं करून घ्यावं. जवळ कागद-पेन असू द्यावं. हाताची खूण किंवा वेडंवाकडं चित्र हाही वळसाच असतो, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ त्यालाही बोलण्याइतकाच मान देतात.